पाच मालक, चार टायरं

मोटार जुनी झाली की तिच्यातून तेल गळतं, पाणी गळतं आणि किस्से गळतात. तेलापाण्याखाली डबा तरी ठेवता येतो. किश्श्यांखाली मला ठेवलं होतं! वर्षानुवर्षं सगळं माझ्यातच साठत गेलं, म्हणून आता चार माणसं बसली की सांडतं.

लढाईच्या दिवसांत वडूज-सातारा रस्त्यावर नानांची एक मोटार चालायची, तिच्यावर मी कंडक्टर. नातू विचारतो, "आजोबा, तुम्ही लढाईत होता का?" मी म्हणतो, "नव्हतो बाबा. नानांच्या मोटारीवर होतो." त्याला वाटतं, लढाईपेक्षा हे सोपं असेल. वाटू दे बिचाऱ्याला.

नाना मूळचे वाईचे. शाळेत ड्रॉइंग शिकवायचे, म्हणून बाहेरची माणसं त्यांना मास्तरच म्हणायची. एक दिवस काय डोक्यात आलं कोण जाणे, नोकरी सोडली आणि कुणीतरी वापरून वापरून कंटाळलेली एक अमेरिकन मोटार घेऊन वडूजला येऊन राहिले. मीही त्यांचाच विद्यार्थी. ड्रॉइंगमध्ये नापास झालो, म्हणून बहुतेक कंडक्टर झालो. ड्रायव्हर गणपा. पलटणीत मोटारी चालवायचा, पायाला लागलं म्हणून घरी पाठवलेला. तेव्हापासून लंगडायचा आणि प्रत्येक वाक्याची सुरुवात "आमच्या पलटनीत..." अशी करायचा.

नानांचं एकच तत्त्व. "माझ्या गाडीला परका मेकॅनिक हात लावणार नाही!" मेकॅनिक लोकही नवस बोलल्यासारखे आमच्या गाडीपासून लांबच राहायचे, तो भाग वेगळा.

आता यात गंमत सोडून एक गोष्ट होती, ती आधी सांगतो. दर वर्षी साताऱ्याला मोटार इन्स्पेक्टरसाहेबांपुढं गाडी उभी करायची. याला म्हणायचं पासिंग. पास झाली तर परमिट पुढं चालू, नापास झाली तर रस्ता दुसऱ्याला. आणि तो दुसरा तयारच बसला होता! फलटणचा एक सर्व्हिसवाला, तीन गाड्यांचा मालक. आम्ही त्याला नुसतं फलटणकर म्हणायचो. "यांची गाडी नापास झाली तर रस्ता मला द्यावा," असा अर्ज त्यानं आधीच देऊन ठेवला होता. नानांची नोकरी सुटलेली, गणपाला अधू पायानं दुसरं कुणी ठेवणार नव्हतं, आणि मला तर काहीच येत नव्हतं. तिघांची चूल त्या एका खटाऱ्यावर पेटायची. त्यामुळं पुढचं सगळं ऐकताना हसा, पण आम्ही तेव्हा हसत नव्हतो, एवढं लक्षात असू द्या.

*

नानांकडं मोटार दुरुस्तीचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. खाकी कव्हर घातलेलं, ठिकठिकाणी पेन्सिलीनं खुणा केलेलं. गाडी बंद पडली की नाना रस्त्याच्या कडेला धोतर सावरून बसायचे, चष्मा लावायचे आणि पुस्तक उघडायचे. पॅसेंजर भोवती गोळा व्हायचे. पोथीला बसल्यासारखे!

एकदा कोरेगावच्या अलीकडं गाडी थांबली. नाना पुस्तकात बघून सांगताहेत, "डाव्या अंगाला खाली एक पितळी नळी असेल, ती सोड." गणपा गाडीखाली. अर्धा तास झाला तरी नळी सापडेना.

"आवं नाना, डाव्या अंगाला काय बी न्हाई!"

"असलीच पाहिजे. चित्र आहे इथं."

शेवटी मी पुस्तकाचं पहिलं पान उघडून बघितलं. पुस्तक दुसऱ्याच कंपनीच्या गाडीचं होतं. तीन वर्षं नाना त्यावरून आमची गाडी दुरुस्त करत होते!

मी भीत भीत सांगितलं. नानांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाले, "पुस्तकात काही चूक नाही. गाडीच चुकीची आहे."

*

पेट्रोल कुपनावर मिळायला लागलं आणि मोटारवाल्यांनी गाडीच्या ढुंगणाला कोळशाच्या भट्ट्या लावल्या. भट्टीत कोळसा पेटवायचा, हातानं पंखा फिरवायचा, त्याचा गॅस इंजिनात न्यायचा. दुसऱ्यांनी कारखान्यातून तयार आणल्या. आमच्या नानांनी घरी बांधली. एक डांबराचं पिंप, गुऱ्हाळातली एक फुटकी काहील आणि नानांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या, माजघरातलं एक झाकण, एवढ्यावर भागवलं. झाकण गेल्याचं काकूंना चार दिवसांनी कळलं. त्या गाडीजवळ आल्या, झाकण बघितलं आणि परत गेल्या. पुढं आठ दिवस नाना स्टँडवरच जेवत होते.

त्या झाकणाला हात लावायचा नाही, असं मी प्रत्येक फेरीला ओरडून सांगायचो. पण पुसेगावच्या बाजाराला एक पैलवान गडी चढला. काय मिशी होती! दोन्ही बाजूंनी वर वळवलेली. गाडी थांबली असताना हा खाली उतरला, विडी तोंडात धरली आणि विस्तव घ्यायला सरळ भट्टीचं झाकण उचललं.

भक्क करून जाळ आला आणि गेला. गडी धडधाकट उभा होता. फक्त उजव्या बाजूची मिशी नव्हती.

आम्हा तिघांच्या तोंडचं पाणी पळालं. आता हा आपल्याला बुकलून काढणार! पण त्यानं विडी फेकून दिली. गाडीत जाऊन डोक्यावरनं टॉवेल घेऊन बसला.

पुढच्या बाजाराला परत हजर. टॉवेल तसाच. गणपाला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "ड्रायवरसायब, तेवढी डावीकडची बी काडून द्या की. न्हावी हसतोया."

*

वर्धनगडच्या घाटात एकदा इंजिनातून ठकठक आवाज यायला लागला. बेअरिंग गेलं होतं. नवं बेअरिंग म्हणजे तेव्हा मुंबईला चिठ्ठी पाठवा आणि लढाई संपायची वाट बघा. गणपा म्हणाला, "आमच्या पलटनीत असलं बेरिंग गेलं तर कातड्याचं बसवायचो. तेलात भिजवून. चालतंया."

नानांच्या पुस्तकात हे नव्हतं. पण पुस्तक तरी कुठं आमचं होतं! वडूजला दौलूमामा म्हणून वहाणा शिवायचे. त्यांच्या हातची वहाण तीन-तीन वर्षं टिकायची. नानांनी ड्रॉइंग मास्तरच्या इमानानं कागदावर नकाशा काढला, जाडी लिहिली, गोलाई लिहिली, सावली सुद्धा दिली. दौलूमामांनी कागद उलटा धरला, सुलटा धरला आणि विचारलं, "कंच्या पायाचं म्हनायचं ह्ये? डाव्या का उजव्या?"

"मामा, हे इंजिनासाठी आहे."

"आसंल. पर चालनार तर हाय न्हवं?"

तीन दिवसांनी त्यांनी असं काही गोजिरवाणं बेअरिंग करून दिलं की नाना ते हातात घेऊन बराच वेळ बघत बसले. निघताना दौलूमामा म्हणाले, "नवं हाय. चार दिस चावंल. मग बसंल."

चार दिवस इंजिन किरकिरलं. पाचव्या दिवशी गप्प झालं, ते आमच्या शेवटच्या फेरीपर्यंत! मुंबईचं बेअरिंग मात्र अजून यायचंय.

*

रेडिएटर गळतो तेव्हा त्यात चिमूटभर हळद टाकायची. गरम पाण्यात हळद फुगते आणि भोक बुजतं. हे सगळ्या मोटारवाल्यांना ठाऊक होतं आणि आमच्याकडं सांगलीची हळद, तिला काय तोटा! अडचण अशी की आम्हा तिघांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नव्हता.

एका लग्नाचं वऱ्हाड घेऊन निघायचं होतं. सकाळी नानांनी रेडिएटरात चिमूटभर हळद टाकली आणि कुणाला सांगितलं नाही. गणपाला वाटलं, नाना विसरणार. त्यानं मूठभर टाकली. मला वाटलं, हे दोघं नुसते भांडत बसणार. म्हणून मी पुडी उपडी केली.

घाट चढून वर आलो आणि रेडिएटर चुळबुळायला लागला. नवरदेवाचे मामा पुढं बघायला उतरले. भारदस्त माणूस. पांढराशुभ्र कोट, पांढरं धोतर, लग्नाची सगळी व्यवस्था त्यांच्याकडं, म्हणून कपाळाला कायम आठ्या. आणि गृहस्थ स्वतः चाळिशीतला बिनलग्नाचा! बॉनेटजवळ उभे राहून गणपाला म्हणाले, "काय रं, मोटार हाय का चेष्टा?"

टोपण उडालं. गरम पाणी वाऱ्यानं पलीकडच्या रानात गेलं म्हणून बरं, नाहीतर अनर्थच होता. पण वर उडालेला हळदीचा रबडा हवेत गार होऊन मामांच्या अंगावर डोक्यापासून पायापर्यंत बसला.

गाडीतली एक म्हातारी खिडकीतून डोकावली आणि म्हणाली, "आगं बया! ह्याला बी हळद लागली. आता मांडव तर घातलेलाच हाय, ह्याचं बी उरकून घ्या!"

तुम्हाला खोटं वाटेल, पण त्याच मांडवात मामांचं जमलं. नाना पुढं कित्येक वर्षं हे आपल्या दुरुस्तीचं यश म्हणून सांगायचे.

*

खंडेनवमीला हत्यारांची पूजा. नानांनी पाटावर सगळे पाने, पकडी, स्क्रू ड्रायव्हर मांडले, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं घातली. आणि एकदा पूजलेलं हत्यार दसऱ्याचं सोनं लुटेपर्यंत उचलायचं नाही, हा नानांचा कडक नेम. आम्ही गाडी काढायला गेलो तर इंजिन फिरवायचं हँडलही पाटावर!

"नाना, हँडल तरी द्या की."

"पूजेतलं? शक्य नाही."

सणाला घरी निघालेली माणसं गाडीत खच्चून भरलेली. त्यांनाच खाली उतरवून गाडी उतारावरनं ढकलली. चालू झाली. आता साताऱ्यापर्यंत इंजिन बंद करायचं नाही, एवढंच पथ्य. आणि नेमका पुसेगावच्या पुढं पंख्याचा पट्टा तुटला.

हत्यार नाही, पट्टा नाही. गणपानं सगळ्या पॅसेंजरांवरनं एक नजर फिरवली आणि ती एका म्हाताऱ्याच्या पटक्यावर येऊन थांबली. चांगला लांबलचक, नवा कोरा, सणाचा पटका.

"आबा, पटका द्या. मोटारीला पट्टा करतो."

"खुळा का काय तू? बोडक्या डोक्यानं साताऱ्यात उतरू व्हय?"

शेवटी माझी कंडक्टरची टोपी म्हाताऱ्याच्या डोक्यावर गेली आणि त्याचा पटका पिळून, गाठ मारून इंजिनावर गेला. दोन ठिकाणी गाठ सुटली, परत मारली, दर वेळी गाडी परत ढकलली, पण साताऱ्याला पोचलो. कोरेगावला नवीन चढलेल्या पॅसेंजरांनी म्हाताऱ्याकडंच तिकिटं मागितली. त्यानं सगळ्यांना दरडावून मागं बसवलं. माझ्यापेक्षा चांगला कंडक्टर होता म्हणा!

त्या दिवसापासून म्हातारा कुठंही चढला की सरळ ड्रायव्हरशेजारच्या सीटवर जाऊन बसायचा. ऊठ म्हणायची सोय नाही. मोठ्या आवाजात विचारायचा, "ही मोटार कुनाच्या इज्जतीवर चालली हुती? सांग की रं गनपा, समद्यांना सांग!"

*

टायरांचा मात्र काही उपाय चालेना. ट्यूब फाटल्या, ठिगळावर ठिगळ लावलं, मग ठिगळालाही जागा राहिली नाही. गणपानं पलटणीतली विद्या काढली. टायरात ट्यूबच्या जागी शाळूच्या कडब्याची कुट्टी ठासून भरायची. गाडी उडत उडत जायची, पॅसेंजरांची हाडं खिळखिळी व्हायची, पण जायची.

वडूजच्या बाजारादिवशी गाडी स्टँडवर उभी. आम्ही चहा घेतोय. बघतो तर एक म्हैस मागच्या चाकाशी रवंथ करत उभी! टायरला एके ठिकाणी चीर होती, तिच्यातून जीभ घालून तिनं पाऊण चाक रिकामं केलं होतं.

गणपा बोंबलत धावला, "आवं, कुनाची म्हस ही? टायर खाल्लं की हिनं!"

म्हशीचा मालक आला. आम्हाला वाटलं, हात जोडेल. त्यानं चिरेत बोटं घालून थोडी कुट्टी काढली, हुंगली आणि गणपावरच डाफरला, "आसला कुबाट कडबा भरता व्हय मोटारीत? माजी म्हस आजारी पडली म्हंजे?"

*

आणि आता ते पासिंग.

त्या वर्षी आमच्या भागातल्या पाच मालकांना मिळून सरकारी कोट्यातून नवी टायरं मिळाली. किती? चार! पाच मालक, चार टायरं. भांडून भांडून दमल्यावर एक तोड निघाली. टायरं कुणीच वापरायची नाहीत. ज्याची पासिंगची तारीख येईल त्यानं ती चढवायची, साहेबांना दाखवायची, काढून पुढच्याला द्यायची. पाचही मालकांनी पालीला खंडोबापुढं बेलभंडारा उचलून शपथ घेतली. सरकारला फसवायची शपथ देवापुढं घेतलेली मी तेवढीच बघितली.

पहिल्याच मालकाच्या गाडीला असताना एका टायरात बैलाच्या नालेचा खिळा रुतला. वाकडा, अर्धा बाहेर. काढला तर हवा जाईल म्हणून कुणी काढला नाही. खिळा टायरांबरोबर घरोघर फिरला. पहिली गाडी पास, दुसरी पास, तिसरी पास. चौथा फलटणकर. तोही पास. पाचवे आम्ही.

आदल्या दिवशी दुपारपर्यंत टायरं आली नाहीत. गणपा मिळेल त्या मोटारीनं फलटणला गेला आणि रात्री हात हलवत परत आला. त्याचा चेहरा बघूनच कळलं.

"न्हाई म्हनतोया. टायरं गाडीवर चढवल्यात, म्हनला, आता काडत न्हाई. बेलभंडाऱ्याची आठवन दिली तर हसला. नाना, त्याला आपला रस्ता पायजे. दुसरं काय न्हाई."

नानांनी पुस्तक उघडलं, मिटलं. मग म्हणाले, "गणपा, कडबा आण." कुट्टी करायला वेळ नव्हता, नाना अख्ख्या काड्याच टायरात ठासत बसले. मला आयुष्यात कधी त्यांची एवढी कणव आली नव्हती. ज्या माणसानं मला नापास केलं, त्याला कुणी नापास करू नये, असं त्या दिवशी मला फार वाटलं. सकाळी साताऱ्याला येताना गाडी ओढ्यातून घालावी लागली, चाकं भिजली, तेवढी आणखी भर पडली.

साताऱ्याच्या मैदानावर फलटणकर आधीच हजर! आपली गाडी पास होऊन चार दिवस झालेले, तरी आलेला. तीच चार टायरं चढवून, बाजूला झाडाखाली गाडी लावून, फेटा बांधून. आमची मय्यत बघायलाच आला होता म्हणा ना.

इन्स्पेक्टरसाहेब उंच, खाकी कपड्यातले, कमी बोलणारे. इंजिन चालू करायला सांगितलं. कान देऊन ऐकलं.

"गोड चालतंय. बेअरिंग कुठलं?"

"वडूजचं, साहेब," गणपा छाती काढून म्हणाला.

रेडिएटरवर पिवळे ओघळ होते. साहेबांनी बोट लावलं. "हळद?"

"चिमूटभर," आम्ही तिघं एकदम म्हणालो.

हॉर्न वाजला. ब्रेक लागला. मग साहेब मागच्या चाकाशी आले आणि थांबले. चिरेतून एक काडी बाहेर आली होती. साहेब वाकले. काडी ओढली. ती लांबच्या लांब येत राहिली. मी डोळे मिटून घेतले. नाना ताठ उभे होते, शाळेत तपासणीला साहेब आल्यावर उभे राहायचे तसे.

"ही टायरं कुणाची?"

नानांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग म्हणाले, "आमचीच, साहेब. स्वतःची."

साहेब सरळ झाले. झाडाखालच्या फलटणकराला त्यांनी बोटानं बोलावलं, त्याच्याच गाडीपाशी नेलं आणि मागच्या टायरातल्या वाकड्या खिळ्यावर काठी टेकवली.

"हा खिळा या महिन्यात चार वेळा मला भेटायला आला. चार मालकांबरोबर. आता ओळख इतकी वाढलीय की मी त्याची वाट बघतो. तुमचा अर्ज पण माझ्याकडं आहे, नाही का?"

फलटणकर फेटा सावरायला लागला. साहेब परत आमच्याकडं आले, बॉनेटवर कागद ठेवला, सही केली, शिक्का मारला आणि तो नानांच्या हातात दिला.

"या महिन्यात स्वतःच्या टायरांवर आलेली ही पहिलीच गाडी."

नानांचे डोळे भरून आले. गणपानं खाडकन सलाम ठोकला. साहेब निघाले, दोन पावलं गेले आणि थांबले. ती काडी अजून त्यांच्या हातातच होती. त्यांनी ती नाकाजवळ नेली, दोन बोटांत मोडून बघितली आणि नानांकडं वळून म्हणाले,

"कडबा ओला आहे, मास्तर. वाळका भरा."